मास्तरांची उरलेली किडनी

मास्तरांच्या दोन किडन्यांपैकी एक काकूंच्या पोटात आहे. अकरा वर्षांपूर्वी दिली. तेव्हापासून नवराबायकोचं भांडण झालं की मास्तर म्हणतात, "माझ्याच किडनीच्या जोरावर मला बोलतेस." आणि काकू म्हणतात, "दिलीत ना? मग मोजत बसू नका." पुढे भांडण टिकत नाही, कारण दोघंही हसतात आणि हसल्यावर भांडायला मजा येत नाही.

उरलेली एक मास्तरांकडे. ही गोष्ट त्या एकीची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे मुख्य टेक्निशियन. सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्याआधी तेरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. सर्टिफिकेट माझ्याकडे आधीपासून होतं, अक्कल त्यांनी दिली, आणि तीही ओरडून. मी प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून ते मला वकीलबाई म्हणायचे. अजून म्हणतात.

लॅबमध्ये त्यांनी एक पद्धत पाडली होती, ती आजही चालते. रक्ताच्या प्रत्येक ट्यूबला एक चिठ्ठी. रक्त किती वाजता काढलं, कोणी काढलं, ट्यूब किती वाजता फिरवली. फिरवली म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये घालून गरगरवली, की रक्तातल्या पेशी तळाला बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. तपासणी त्या पाण्यावर होते. या चिठ्ठीला मास्तर ट्यूबचा जन्मदाखला म्हणायचे. दाखला नसलेला आकडा वर पाठवला तर म्हणायचे, "हा रिपोर्ट नाही, ही कुजबुज आहे."

तर हे मास्तर न्यूमोनिया होऊन आमच्याच आयसीयूत आले. वय सहासष्ट. संसर्ग रक्तात उतरलेला, प्रेशर खाली गेलेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शुद्ध मात्र पूर्ण. चार नंबरचा बेड.

आयसीयूत तेव्हा एका नव्या टेस्टचा अभ्यास चालला होता. तो काय होता ते सांगायला हवं.

किडनीचं काम कळायला आम्ही क्रिएटिनिन मोजतो. किडनीला मार बसला की ते वाढतं, हे खरं. पण कधी? दीड-दोन दिवसांनी. तोवर किडनीचं अर्धं काम बंद पडलेलं असतं. इतकी वर्षं आम्ही खालून हा आकडा छापून पाठवतो आणि वरची मंडळी "नॉर्मल आहे" म्हणून निर्धास्त होतात. मला या आकड्याचा राग आहे. घर जळून झाल्यावर घंटा वाजवत येणाऱ्या बंबासारखा तो आहे, आणि तरी मान त्यालाच.

नवी टेस्ट वेगळी. किडनीच्या पेशी दुखावल्या की काही तासांतच एक प्रथिन रक्तात वाढतं. एनगॅल म्हणतात त्याला. ते मोजलं तर मार बसत असतानाच कळेल, असं म्हणतात. आमच्या पेशंटांत हे कितपत खरं ठरतं ते बघायला वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरांनी अभ्यास काढला होता. रोज सकाळ-संध्याकाळ एक ट्यूब, टेस्ट मी करायची, आकडा लिफाफ्यात घालून चिकटवायचा आणि त्यांच्या कपाटात टाकायचा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो सांगायचा नाही. आकडा विश्वासाचा आहे की नाही हेच अजून ठरायचं होतं, त्याच्यावर कोणी औषधं बदलू लागलं तर ते कधीच ठरणार नव्हतं. नियम बरोबर होता. मीही तो बरोबरच म्हणत होते, माझं माणूस त्या बेडवर नव्हतं तोवर. त्या डॉक्टरांना लॅबमध्ये सगळे लिफाफा साहेब म्हणायचे.

मास्तरांनी अभ्यासाचा फॉर्म तीनदा वाचला. सही करायच्या आधी मास्क बाजूला करून विचारलं, "साहेब, ट्यूब किती वेळात फिरवणार?"

"ते लॅब बघेल," लिफाफा साहेब म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही," मास्तर म्हणाले आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी त्यांचं रक्त काढायला गेले. दुसऱ्या कोणाला पाठवू शकले असते. पाठवलं नाही.

"सुई बोथट आहे," ते मास्कमधून म्हणाले.

"सुई नवी आहे. कातडी जाड झालीय तुमची."

"रिटायर झाल्यावर जाड होते. तुलाही कळेल." दम लागला, थांबले. "ती बाहेर आहे ना? तिला घरी पाठव. संसर्गाचं ठिकाण आहे हे. तिला चालत नाही."

दुसऱ्याची किडनी टिकावी म्हणून काकू रोज औषधं घेतात. त्या औषधांनी अंगातली लढायची ताकद कमी होते. आयसीयूच्या मॅडमनी त्यांना आत यायला सक्त मनाई केली होती. म्हणून काकू तोंडाला दोन मास्क लावून बाहेरच्या बाकावर बसायच्या, मांडीवर मास्तरांचे धुतलेले मोजे घेऊन. मास्तरांच्या पायांना नेहमी गार वाजतं.

मी ट्यूब एप्रनच्या खिशात टाकली आणि काकूंना घरी पाठवायला बाहेर आले.

"काकू, मास्तर म्हणतात घरी जा."

"ते म्हणतात म्हणून मी आजवर कुठे गेलेय?" काकूंनी मला हात धरून बाजूला बसवलं. मोजे पुन्हा घडी केले. मग हळूच विचारलं, "अगं, एक विचारू? वेड्यासारखं वाटेल. ती परत देता येते का?"

"काय परत?"

"त्यांची. माझ्यातली. त्यांचं काही झालं उरलेलीला तर. मला तेवढ्यापुरतं मशीनवर घालतील की. होते ना मी मशीनवर आधी दोन वर्षं. सवय आहे मला."

मी खूप बोलते. तेव्हा काय काय बोलले ते मात्र आठवत नाही. परत देत नसतात काकू, असं काहीतरी. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, तू रडू नकोस, मास्क ओला होतो. मग दोघी मास्तरांच्या सवयींना हसत बसलो. ते लग्नानंतर पहिल्या महिन्यात घरातल्या डब्यांनासुद्धा तारखा लावत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

लॅबमधून फोन आला, "ताई, मशीन रिकामं आहे, तुमची ट्यूब कुठाय?" तेव्हा घड्याळात सव्वानऊ झाले होते.

ट्यूब माझ्या खिशात होती. माझ्या अंगाच्या उबेला. पावणेदोन तास.

धावत जाऊन फिरवली, मशीनला लावली, आणि दहा वाजता पडद्यावर आकडा आला. चारशे बारा. आदल्या संध्याकाळी एकशे अठरा होता. अभ्यासात दीडशेची रेघ होती, तिच्यापुढे धोका.

मी तो लिहिला, लिफाफ्यात घातला, चिकटवला, वर साहेबांच्या कपाटात टाकून आले. हाताला सवय असते. डोकं मागून आलं.

डोकं आलं तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसल्या. पहिली ही की हेच प्रथिन रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही असतं. ट्यूब न फिरवता ठेवली तर त्या पेशी ते गळू देतात आणि आकडा फुगतो. म्हणजे चारशे बारा हा मास्तरांच्या किडनीचा आकडा असेल किंवा माझ्या खिशाचा. दुसरी गोष्ट चिठ्ठी. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, "फिरवली: आठ वाजता."

मी खोटं लिहावं म्हणून लिहिलं नव्हतं. रक्त काढतानाच मी दोन्ही वेळा लिहून टाकायचे. रोज बरोबर अर्ध्या तासात फिरवतेच, मग दोनदा पेन कशाला काढा? कित्येक महिने हेच चाललं होतं. मास्तरांच्या लॅबमध्ये, मास्तरांच्या दाखल्यावर, त्यांची सगळ्यात तोंडाळ शिष्या घडायच्या आधीच वेळ लिहून मोकळी होत होती.

आयसीयूत फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "ताप उतरत नाही म्हणून छातीत पू झालाय का बघायला स्कॅन आहे. बारा वाजता, डाय देऊन. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन आलंय, मॅडम म्हणाल्या काही हरकत नाही."

एक पॉइंट दोन हे मास्तरांचं नेहमीचंच. त्या बंबाला अजून धूर दिसला नव्हता. आणि स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात तो डाय आधीच दुखावलेल्या किडनीला आणखी दुखवू शकतो. दोन किडन्या असणाऱ्याला एखादे वेळी झेपतं. मास्तरांकडे एकीला सुट्टी द्यायला दुसरी नव्हती. पण स्कॅन थांबवावा आणि छातीत खरंच पू निघावा, तर माणूसच जायचा. माझ्या खिशातल्या आकड्यावर मी हे ठरवणार होते का?

सव्वादहाला मी लिफाफा साहेबांसमोर उभी होते.

"साहेब, चार नंबरची सकाळची ट्यूब खराब आहे. पावणेदोन तास तशीच राहिली."

त्यांनी चिठ्ठीची नक्कल काढली. "इथे आठ लिहिलंय."

"खोटं आहे ते. मीच लिहिलंय."

"आजच असं झालं?"

इथे हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. ते साहेबही सुटले असते, मीही. "ट्यूब आज पहिल्यांदा राहिली," मी म्हटलं. "वेळ मात्र मी रोज आधीच लिहिते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकशे चाळीस ट्यूब झाल्यात."

"एकशे बेचाळीस."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?"

"तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही कागद बघितलेत, मी ट्यूब बघितल्यात. त्या वेळेवर फिरल्या होत्या, पण ते आता कोणी का मानावं? मीसुद्धा मानणार नाही."

"मग मला का सांगताय?"

"कारण बारा वाजता त्यांना डाय देणार आहेत आणि त्यांना एकच किडनी आहे. मी तुम्हाला आकडा सांगितलेला नाही. मी एवढंच म्हणते, दुसरी ट्यूब काढू द्या आणि ती फिरेपर्यंत तुम्ही समोर उभे राहा. माझ्या हातावर आज माझाच भरवसा नाही."

त्यांनी चष्मा परत घातला. "पेशंट तुमचे कोण?"

"मला शिकवलं त्यांनी."

"म्हणजे गुरू."

"गुरू वगैरे काही नाही. ओरडायचे."

साहेब उठले. मला वाटलं होतं ते आधी कोणालातरी फोन करतील, परवानगी मागतील, मीटिंग लावतील. मोठ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही आणि ते बदलायची मला घाई नाही. पण ते उठले आणि जिना उतरू लागले, एवढं खरं.

मास्तरांनी मला पुन्हा सुई घेऊन आलेलं बघितलं. "दुसऱ्यांदा?"

"पहिली खराब झाली."

"कोणी केली?"

"मीच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. हात मात्र पुढे केला. मग डोळे उघडून माझ्या मागे उभ्या असलेल्या साहेबांकडे बघितलं. "खाली जाताय, साहेब? छान. घड्याळ आहे ना हातात?"

लिफाफा साहेबांनी आमची लॅब आतून बघितली ती त्या दिवशी. दारात उभे राहिले की येणाऱ्याजाणाऱ्याचा रस्ता अडायचा, सरकले की फ्रीजचं दार अडायचं. सेंट्रिफ्यूज सुरू झालं तेव्हा ते दचकले. दहा मिनिटं ते फिरत होतं आणि हे मनगटावर डोळे लावून उभे. साडेदहाला काढलेली ट्यूब दहा चाळीसला फिरवायला लागली, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. आकडा येईपर्यंत ते पडद्यासमोरून हलले नाहीत.

दोनशे अडुसष्ट.

"सकाळचा किती होता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कपाटात आहे."

"सांगा."

"चारशे बारा."

"म्हणजे सकाळचा फुगलेला होता."

"होता. हा फुगलेला नाही."

"संसर्गानेही वाढतो हा. तुम्हाला माहीत आहे."

"काल संध्याकाळीही संसर्ग होताच की. तेव्हा एकशे अठरा होता."

त्यांनी पडद्याकडे पुन्हा बघितलं. "पेशंटच्या जिवाला धोका दिसला तर आकडा उघड करायचा, असं एक कलम आहे अभ्यासात. मीच घातलंय. कधी लागेल असं वाटलं नव्हतं."

मग आम्ही दोघं वर गेलो. आयसीयूच्या मॅडम फाइल घेऊन उभ्याच होत्या. त्या बुटक्या आहेत आणि सगळ्यांना त्यांचा धाक आहे.

"तुमच्या आकड्यावर मी पेशंट चालवत नाही," त्या साहेबांना म्हणाल्या.

"नका चालवू. डाय न देता स्कॅन होईल का, एवढंच विचारतो."

"तेवढं स्पष्ट दिसणार नाही." मॅडमनी फाइल उलटली. मग माझ्याकडे बघितलं. "या इथे कशाला?"

"टेस्ट मी केली. पहिली मी बिघडवली, दुसरी साहेबांसमोर केली."

"बिघडवली?"

मी सगळं परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना लाज कमी होत नाही, फक्त वाक्यं लहान होतात. मॅडमनी ऐकून घेतलं. मग सिस्टरना विचारलं, "लघवी किती झाली सकाळपासून?" सिस्टरनी सांगितलं. ठीकच होती, थोडी उतरती. मॅडम म्हणाल्या, "सोनोग्राफीचं मशीन इथे आणा. आधी त्यात बघते. नाहीच कळलं तर साधा स्कॅन. डाय सगळ्यात शेवटी." आणि दाराकडे जाता जाता, "ते किडनीवर कडक असलेलं अँटिबायोटिक बदला. दुसरं आहे आपल्याकडे."

सोनोग्राफीत छातीच्या उजव्या बाजूला पू दिसला. सुई घालून काढला. स्कॅनची गरज पडली नाही.

त्या दिवशी क्रिएटिनिन एक पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी एक पॉइंट तीन. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पॉइंट नऊ. बंब आला. मॅडम तो आकडा बघायला स्वतः लॅबमध्ये आल्या, कागद हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चहा आहे का तुमच्याकडे?" प्यायल्या आणि गेल्या. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कोणाला काही मिळालेलं मला माहीत नाही.

त्या दिवशी काकूंना मी आकडा सांगितला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखला. बाकावरून उठल्या नाहीत, घरी गेल्या नाहीत. चौथ्या दिवशी एक पॉइंट आठ आलं, पाचव्या दिवशी दीड. तेव्हा त्यांनी मोजे माझ्या हातात दिले. "आत नेऊन घाल त्यांना. पाय गार पडले असतील."

डाय दिला असता तर काय झालं असतं, हे मी सांगणार नाही. कोणालाच माहीत नाही. लिफाफा साहेब म्हणतात, एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे त्यांचं. त्यांना सिद्ध करायचं होतं, मला तो माणूस हवा होता.

माझ्या एकशे बेचाळीस ट्यूब अभ्यासातून काढून टाकल्या. आठ महिन्यांचं काम. मला लेखी ताकीद मिळाली, योग्यच मिळाली. अभ्यास पुन्हा एकपासून सुरू झाला. मला वाटलं होतं साहेब दुसरं माणूस घेतील. त्यांनी घेतलं नाही. कारणही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मास्तरांना साध्या वॉर्डात हलवलं त्या दुपारी मी त्यांना सांगायला गेले. ट्यूब खिशात राहिली एवढं त्यांना माहीत होतं. आधी लिहिलेल्या वेळांचं माहीत नव्हतं. सांगितलं. एकशे बेचाळीस हा आकडासुद्धा सांगितला.

ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले, नळी ओढली गेली तरी तसेच पडून राहिले. मी दहा मिनिटं उभी होते. मग निघाले.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा काकू आत होत्या. आता त्यांना येऊ देत होते, मास्क लावून.

"तिला विचार," मास्तर काकूंना म्हणाले, माझ्याकडे न बघता, "सगळ्या ट्यूब काढून टाकल्या का."

"तुमच्या समोरच उभी आहे ती."

"तू विचार."

"काढून टाकल्या का गं?" काकूंनी विचारलं.

"काढल्या."

"काढल्या म्हणते," काकू म्हणाल्या. "ऐकू येतंय ना, की तेही मीच करू तुमच्यासाठी?"

मास्तर छताकडे बघत होते. "तेरा वर्षं शिकवलं मी तिला."

"हो."

"तेरा."

"हो हो, ऐकलं. आणि तिने येऊन स्वतः सांगितलं, तेही तुम्हीच शिकवलं असणार, का ते आपोआप आलं?" काकूंनी उशी सारखी केली. "आज सकाळी उठल्यापासून मला विचारताय, ती आली का, ती आली का. आता आलीय तर छताशी बोलताय."

"मी असं काही विचारलं नाही."

"बरं."

बाजूच्या पेशंटचा नातेवाईक वर्तमानपत्राआडून आमचं ऐकत होता. मग मास्तरांनी मान वळवून मला नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, एखादी ट्यूब उजेडात धरून बघावी तसं.

"तोंड का उतरलंय तुझं? सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही अजून."

"किती वाजले?"

"दोन."

"उपाशी माणसाचा हात थरथरतो. आधी जा, जेवून ये." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून, "आणि घाईघाईत गिळू नकोस, वकीलबाई. चावून खा."

मी गेले. पोटभर जेवले.